उकडलेला बटाटा आणि वेफर्सची पिशवी

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ खाद्यपदार्थांची एक साधीच परीक्षा घेतली. कोणता पदार्थ खाल्ल्यावर पोट सर्वांत जास्त भरल्यासारखं वाटतं? प्रत्येक पदार्थ मोजून २४० किलोकॅलरींचा दिला जाई आणि पुढचे दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, खाणाऱ्याला भूक विचारली जाई. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले होते. मासे, अंडी, मसूर यांना मागे टाकून पहिला आला तो उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. लोण्यानं पदर सुटलेला फ्रेंच क्रॉसाँ ४७ गुणांवर शेवटी राहिला. बटाट्याच्या वेफर्सना मिळाले ९१, म्हणजे पावाहूनही कमी.

वजन कमी करायला निघालेला माणूस आधी बटाटा सोडतो, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. मीठ लावलेला उकडलेला बटाटा किती खाववतो? दुसरा संपता संपता नकोसं होतं. नुसतं तेल तर चमचाभरही घशाखाली उतरत नाही. पण तोच बटाटा पातळ कापून त्याच तेलातून काढला, की पिशवीच्या तळाचं मीठ बोटांना लागेपर्यंत हात थांबत नाही. एकटा बटाटा जे करत नाही आणि एकटं तेल जे करत नाही, ते दोघं मिळून करतात.

ही संगत मेंदूला नेमकं काय करते, याचा शोध २०१८ साली अलेक्झांड्रा डिफेलिसअँटोनिओ, डेना स्मॉल आणि सहकाऱ्यांनी घेतला. जर्मनीतल्या कोलोन शहरात केलेल्या या प्रयोगात लोकांना तीन प्रकारच्या खाऊची चित्रं दाखवली. काहींत फक्त कर्बोदकं होती, काहींत फक्त स्निग्धांश, आणि काहींत दोन्ही. कॅलरी सारख्याच. मग विचारलं, यासाठी किती पैसे मोजाल? तिन्ही प्रकार सारखेच आवडतात असं सांगणाऱ्यांनीही दोन्ही असलेल्या खाऊसाठी जास्त पैसे लावले. मेंदूत बक्षिसाची किंमत ठरवणारा स्ट्रायटम हा भागही त्या खाऊला सर्वांत जोरात प्रतिसाद देत होता. पुढे २०२४ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं, की साखरेची आणि चरबीची वर्दी आतड्याकडून मेंदूकडे वेगवेगळ्या मज्जापेशी नेतात. दोन्ही वर्द्या एकदम पोहोचल्या, की डोपामिन हे मेंदूतलं रसायन एकेकट्या वर्दीपेक्षा जास्त स्रवतं.

निसर्गात ही जोडी फार क्वचित भेटते. फळांत आणि कंदांत कर्बोदकं असतात, पण तेल जवळजवळ नसतं. मांसाचं आणि तेलबियांचं नेमकं उलट. दोन्ही भरपूर असलेला ठळक अपवाद म्हणजे दूध, आणि ते वाढत्या बाळासाठी असतं. फरसाण, केक, बिस्किटं, शेव, फ्रेंच फ्राइज या सगळ्यांना मात्र हीच जोडी चविष्ट बनवते.

वडापावही याच घरातला. १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांची वडापावची गाडी उभी राहिली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते. पाळी संपवून लोकल गाठणाऱ्या कामगाराला उभ्या उभ्या, एका हातानं खाता येईल असं स्वस्त आणि ताकद देणारं अन्न हवं होतं. वडापावनं ती गरज मनापासून भागवली. दिवसभर यंत्रापुढं राबणाऱ्या शरीरानं त्या कॅलरी जाळूनही टाकल्या. आज तोच वडापाव दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात आहे. पदार्थ तोच राहिला, त्याच्या भोवतीचा दिवस बदलला.

पण केवळ जोडीच्या नावानं बोटं मोडून भागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० निरोगी प्रौढांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं जेवण. दोन आठवडे साधं, घरगुती पद्धतीचं. पानात वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ दोन्हीकडे बरोबरीनं ठेवलं होतं. सूचना एकच: हवं तेवढं खा. २०१९ साली छापून आलेल्या निकालात दिसलं, की अतिप्रक्रिया केलेल्या जेवणाच्या काळात तीच माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. त्यांचं वजन दोन आठवड्यांत ०.९ किलोनं वाढलं आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. मऊ, चावायला न लागणारं अन्न ती भराभर खात होती, हेही नोंदलं गेलं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर ताट रिकामं झालेलं असतं.

या २० जणांचा निग्रह दर पंधरवड्याला बदलत नव्हता. बदलत होतं ते ताट. ज्याला संध्याकाळी खा खा सुटते, त्याला आळशी किंवा कमकुवत मनाचा ठरवण्याआधी हा प्रयोग आठवायला हवा.

आता भारतीय ताटाकडे वळू. इथे कर्बोदकांचा प्रश्न संगतीचा तर आहेच, पण निखळ प्रमाणाचाही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी इंडियाब पाहणीत सव्वा लाखाच्या आसपास प्रौढांचा अभ्यास झाला. सरासरी भारतीय माणूस आपली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, असं २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत म्हटलं आहे. ही कर्बोदकं बहुतेक पांढऱ्या भातातून, दळलेल्या धान्यातून आणि साखरेतून येतात. याच पाहणीच्या २०२३च्या अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

भारतीय शरीराला ही कर्बोदकं जास्त का बाधतात, याचं एक उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही याज्ञिक यांच्या गटाला हेच दिसलं होतं. इंग्लंडमधल्या बाळांच्या मानानं आपली बाळं बरीच हलकी, पण त्वचेखालची चरबी तितकीशी कमी नाही. कमी पडतात ते स्नायू. जेवणानंतर रक्तातली साखर साठवण्याचं मोठं कोठार म्हणजे स्नायूच. कोठार लहान आणि आवक तीन वेळा पोतंभर, असा हा हिशेब आहे.

म्हणून 'भात सोडला, ज्वारी धरली' एवढ्यावर थांबलेला बदल अपुरा पडतो. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत सुमारे ७०. भाकरीत तंतू जास्त असतात, ती चावावी लागते, तिच्यातलं पीठ पचायलाही वेळ लागतो. हा लाभ खरा आहे. पण भाताच्या जागी तेवढीच भाकरी आली, तर एकूण बेरीज फारशी हलत नाही. इंडियाबच्या अभ्यासकांनाही नेमकं हेच दिसलं: एका धान्याच्या जागी दुसरं आणल्यानं धोका उतरला नाही. मात्र एकूण ऊर्जेपैकी ५ टक्के वाटा कर्बोदकांकडून काढून वनस्पतिज किंवा दुधातल्या प्रथिनांना दिला, तर मधुमेहाचा धोका कमी होईल असं त्यांचं गणित सांगतं. २००० किलोकॅलरी खाणाऱ्यासाठी हे ५ टक्के म्हणजे १०० किलोकॅलरी, साधारण एक पोळी. तिच्या जागी घट्ट दही, पनीर, मोड आलेल्या मटकीची उसळ. डाळीत प्रथिनांबरोबर कर्बोदकंही असतात, त्यामुळे पोळ्या होत्या तेवढ्याच ठेवून वर आणखी एक वाटी वरण घेतलं, तर हिशेब जुळत नाही. आधी वजाबाकी, मग बेरीज.

उपवासाच्या दिवशी तर हा हिशेब पार बिघडतो. साबुदाणा हा टॅपिओका कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममागे ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नावापुरती. त्यात बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट पडलं, की कोलोनच्या प्रयोगातली तीच जोडी श्रद्धेच्या ताटात येते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असं मराठीनं पूर्वीच म्हणून ठेवलंय. ज्यांना उपवास मनापासून करायचा आहे, त्यांच्यासाठी राजगिरा, दही, ताक, मूठभर भाजलेले दाणे आणि फळं ही त्याच परंपरेतली, जास्त सुसह्य वाट आहे.

काय खातो याइतकंच आधी काय खातो, हेही महत्त्वाचं निघालं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली मधुमेह असलेल्या ११ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. एकच जेवण, दोन वेगळ्या क्रमांनी. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, मग कोंबडी आणि भाज्या. दुसऱ्यांदा बरोबर उलटं. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली, तेव्हा तासाभरानंतरची रक्तशर्करा ३७ टक्क्यांनी कमी होती. ११ माणसं म्हणजे फार लहान गट, पण क्रमाचा हा परिणाम नंतरच्या अभ्यासांतही दिसत राहिला. मराठी पानात कोशिंबीर डावीकडे असते, उसळ उजवीकडे, आणि जेवणाची सुरुवात मात्र वरणभातानं होते. पान तेच ठेवून सुरुवात कोशिंबिरीनं केली, उसळ मध्यावर आणली आणि भात शेवटी घेतला, तर खर्च काहीच नाही.

मग दुपारी चारच्या सुमारास येणाऱ्या त्या हुकमी तल्लफेचं काय? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी १,०७० लोकांच्या रक्तशर्करेवर सतत नजर ठेवली. २०२१ साली त्यांनी मांडलं, की जेवणानंतर साखर किती चढली यापेक्षा दोन-तीन तासांनी ती किती खाली आपटली, यावरून पुढची भूक जास्त चांगली ओळखता येते. ज्यांची साखर जास्त घसरत होती, ते दिवसभरात सरासरी ३१२ किलोकॅलरी जास्त खात होते. पांढरा भात आणि त्यावर गोड असं जेवलेल्या कित्येकांच्या बिस्किटाच्या पुड्याची मुळं दुपारच्या ताटात असू शकतात.

झोपेचा हातही मोठा आहे. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास अंथरुणात राहू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ वाढली ती विशेष करून गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. रात्रपाळी करणाऱ्यांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना या आकड्यांची आठवण राहिली, तर स्वतःला दोष देणं थोडं कमी होईल.

तल्लफ आलीच, तर ती डोळ्यांपुढच्या चित्रावर जगते, असं जॅकी अँड्रेड, जॉन मे आणि डेव्हिड कावनाह हे मानसशास्त्रज्ञ सांगतात. गरम भजी दिसतात, त्यांचा कुरकुरीत आवाज ऐकू येतो, वास आठवतो, आणि मन त्या चित्रात रंग भरत बसतं. ते चित्र काढायला मेंदूची जी जागा लागते, तीच दुसऱ्या कामानं व्यापली, तर? इंग्लंडच्या प्लायमाउथ विद्यापीठात ३१ विद्यार्थ्यांना तल्लफेच्या वेळी तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. तल्लफेची तीव्रता सरासरी ७० टक्क्यांवरून ५६वर आली. ती नाहीशी झाली नाही. पण भज्यांच्या गाडीवरून पुढे निघून जायला एवढी ओसर पुष्कळ असते. रांगोळी, विणकाम, शब्दकोडं यांनाही डोळे आणि मन गुंतवावं लागतं. 'भूक नसो, पण शिदोरी असो' ही जुनी सवयही कामाची आहे: पिशवीत फुटाण्यांची पुडी असली, की स्थानकावरच्या तळणाच्या वासाला तोंड देणारं काहीतरी हाताशी असतं.

कर्बोदकं किती कमी करावीत, यावर एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ प्रौढांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकीकडे कमी कर्बोदकं, दुसरीकडे कमी स्निग्धांश. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून खरं, ताजं अन्न खायला सांगितलं होतं. २०१८च्या निकालात वजन उतरलं ते सरासरी ६.० आणि ५.३ किलो, म्हणजे ठोस फरक नाही. कमी कर्बोदकांच्या आहारात पहिल्या आठवड्यात काटा झपाट्यानं खाली येतो, तेही बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत असलेला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. तो संपला की पाणीही जातं. आणि एक गोष्ट जपून करायची आहे: जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी भात-पोळी एकदम बंद केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. गरोदर स्त्रियांनी हा प्रयोग आपल्या मनानं करूच नये.

जीभ मात्र शिकते, आणि ते शिकायला तिला महिने लागतात. मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी काही निरोगी लोकांना तीन महिने रोजच्या आहारातली साखर बरीच कमी करायला लावली. तिसऱ्या महिन्यात त्यांना नेहमीचंच पुडिंग जास्त गोड लागू लागलं, सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. मग त्यांना हवं ते खायची मोकळीक दिली, आणि साखरेचं प्रमाण लवकरच पुन्हा वर चढलं. चहातली साखर दोन चमच्यांवरून दीडवर आणणाऱ्याला पहिले काही आठवडे तो चहा फिका लागतो. त्यानंतर कधीतरी पाहुण्याच्या घरी दोन चमच्यांचा चहा येतो, आणि पहिल्याच घोटाला पाकासारखा लागतो.