फाटकावरची चिठ्ठी

गावी आई एकटी राहू लागली, तेव्हा मी तिच्या ओसरीत एक कॅमेरा बसवला. तिथे असेपर्यंत मोबाइलवर चित्र छान दिसे. पुण्याला परतलो आणि चित्र गायब! कॅमेरा चालू, इंटरनेट चालू, तरी दिसेना. त्या खटपटीत ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ या प्रकाराशी माझी ओळख झाली.

मंडळी, एक मोठी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या जगाला तिचा एकच पत्ता माहीत. आतल्या फ्लॅटचे नंबर फाटकाच्या आतच चालतात. तसेच नंबर शेजारच्या सोसायटीतही असतात. घरातला राउटर हा या फाटकावरचा वॉचमन. इंटरनेट कंपनी घराला बाहेरचा एक पत्ता देते. मोबाइल, टीव्ही, कॅमेरा यांना राउटर आतले पत्ते वाटतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे. ही काटकसर करावी लागली, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपला.

आतल्या कुणी बाहेर निरोप धाडला, की वॉचमन वहीत नोंद करतो आणि आलेले उत्तर त्याच फ्लॅटवर पोचवतो. बाहेरचा माणूस आपणहून आला, तर नोंद नसल्याने त्याला आत सोडत नाही. पुण्याहून माझे तेच होत होते.

प्रत्येक निरोपावर पोर्टचा क्रमांक असतो. तो ६५,५३५पर्यंत असू शकतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला दिलेली चिठ्ठी : ‘अमुक क्रमांक सांगणारा आला, तर त्याला सात नंबरच्या फ्लॅटवर पाठव.’

पुढच्या खेपेला गावी गेल्यावर मी ती चिठ्ठी लिहिली. राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की त्याचे पान उघडते. तिथे आधी कॅमेऱ्याला आतला पत्ता कायमचा नेमून द्यावा. नाहीतर वीज गेली-आली, पत्ता बदलला आणि पाहुणा भलत्याच फ्लॅटवर, असे व्हायचे. मग ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या सदरात बाहेरचा पोर्ट, कॅमेऱ्याचा पत्ता आणि त्याचा पोर्ट भरावा. चाचणी घ्यावी ती घरच्या वाय-फायवर नव्हे, तर मोबाइलच्या डेटावर.

एक अडचण मात्र येऊ शकते. काही कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. म्हणजे आपल्या फाटकाबाहेर कंपनीचे आणखी एक फाटक. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर हाच प्रकार समजावा. तिथे आपली चिठ्ठी चालत नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

माझी चिठ्ठी चालली. पुण्यात बसून आईला तांदूळ निवडताना पाहिले आणि जीव भांड्यात पडला. आठवड्याने सहज कॅमेऱ्याची नोंदवही उघडली. अनोळखी पत्त्यांवरून शेकडो वेळा पासवर्ड घालून पाहिला होता. एकदा तो लागलाही होता! कारखान्यातून आलेला पासवर्ड मी बदललाच नव्हता. माझ्या आईची ओसरी कोण पाहत होते, ते मला कधीच कळणार नाही.

चूक माझी एकट्याची नव्हती. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने असेच साठेक तयार पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच माऱ्यामुळे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास कोलमडल्या. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. आपले घर लहान म्हणून ते वगळत नाहीत.

मी चिठ्ठी रद्द केली, पासवर्ड बदलला आणि राउटरवर व्हीपीएन सुरू केले. आता फाटकातून आत येतो तो फक्त किल्ली असलेला माणूस, आणि ती किल्ली माझ्या मोबाइलमध्ये आहे. ‘यूपीएनपी’ ही सोयही बंद केली, कारण तिच्यामुळे घरातली यंत्रे आपल्याला न विचारता स्वतःच चिठ्ठ्या देऊ शकतात.

आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, “अरे, दार उघडं टाकून जायचं, तर शेजारी सांगून जावं, एवढंही कळलं नाही होय तुला?”