मोटारगाडीची जाहिरात, प्रारंभीची
मोटारगाडी हे नवे व महागडे वाहन लोकांनी विकत घ्यावे म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सु. १८९८ ते १९३० या काळात केलेली जाहिरात. या अवधीत जाहिरातीचे आवाहन वाहनाच्या उपयुक्ततेकडून ग्राहकाच्या मनातील आकांक्षांकडे वळले.

सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकात ३० जुलै १८९८ रोजी आलेली, क्लीव्हलंडच्या विंटन कंपनीची जाहिरात या प्रकारातील आद्य जाहिरातींपैकी एक होय. घोड्याला रजा देऊन त्याच्यावरील खर्च, निगा व काळजी वाचवा, असा तिचा आशय होता. मैलामागे खर्च सु. अर्धा सेंट, वेग ताशी ३ ते २० मैल, किंमत १,००० डॉलर, असा तपशीलही तीत दिला होता. गाडीचा खरा प्रतिस्पर्धी तबेल्यातला घोडाच होता. काम नसले तरी त्याला दाणावैरण लागते, हे ग्राहक जाणून होता. गाडीला वास नाही व हादरे नाहीत, हा दावा मात्र एका सिलिंडराच्या इंजिनाबाबत धाडसाचाच म्हणावा लागेल.

गाडी वाटेत बंद पडेल ही धास्ती घालविण्यासाठी शर्यती व लांबचे प्रवास यांचा उपयोग करण्यात आला. १९०३ मध्ये विंटन गाडीने सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हे अंतर ६३ दिवसांत तोडले. पॅकार्ड कंपनीने गाडीच्या मालकालाच विचारून पाहण्याचा सल्ला दिला. विक्रेत्यापेक्षा शेजाऱ्यावर अधिक विश्वास बसतो, हे तिने ओळखले होते.

पुढे यांत्रिक तपशील मागे पडू लागला. थिओडोर मॅकमॅनस यांनी कॅडिलॅकसाठी लिहिलेल्या जाहिरातीत (सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट, २ जानेवारी १९१५) गाडीचे चित्र नव्हते आणि मजकुरात तिचा उल्लेखही नव्हता. अग्रेसराच्या वाट्याला येणाऱ्या मत्सराविषयीचे ते चिंतन होते. एडवर्ड जॉर्डन यांच्या ‘प्लेबॉय’ गाडीच्या १९२३ मधील जाहिरातीत लॅरामीच्या पश्चिमेकडील मोकळ्या मुलखात गाडी हाकणारी तरुणी व तिच्याबरोबर दौडणारा घोडेस्वार दिसतो. रजा दिलेला घोडा येथे शोभेसाठी परत आला! इंजिनाविषयी मात्र तीत अवाक्षरही नाही. ही गाडी इतर उत्पादकांचे सुटे भाग जोडून बनविलेली असल्यामुळे यंत्राबाबत वेगळे सांगण्यासारखे फारसे नव्हते, हेही लक्षात घ्यावयास हवे. जॉर्डन कंपनी १९३१ मध्ये बंद पडली.

मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली. तिच्या जाहिरातीच्या कामासाठी जे. वॉल्टर टॉमसन या अमेरिकन जाहिरात संस्थेने १९२९ मध्ये तेथे आपली शाखा उघडली.