कॅट मोडीत काढताना

बेंगळुरूत शिवाजीनगरच्या गुजरीत (भंगार बाजारात) ओम्नी किंवा ईको गाडीचा जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) लोखंडाच्या भावाने, किलोवर देऊ नका. मोल बाहेरच्या पत्र्याला नाही. आतल्या पोळ्यासारख्या जाळीदार सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ लेप असतो. तोही जेमतेम काही ग्रॅम! भंगारवाले या जाळीच्या भुग्याला नुसती ‘माती’ म्हणतात. याच मातीपायी पुण्या-मुंबईत ईकोचे कॅटसह सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. २०२१ मध्ये ऱ्होडियम सोन्याच्या दहापटींहून महाग झालं होतं. पुढे ते कोसळलं, त्यामुळे जुने आकडे ऐकून भाव मागू नका.

डब्यावरचा क्रमांक घासून वाचा, फोटो काढा, चार ठिकाणी विचारा. कंपनीचा मूळ कॅट आणि बाजारातला स्वस्त बदली कॅट यांच्या भावात मोठी तफावत असते. घरी फोडू नका: भुगा सांडला की पैसे सांडले, शिवाय ती धूळ फुप्फुसांना वाईट. आरसीची प्रत आणि नवा कॅट बसवल्याचं बिल जवळ ठेवा. कागद न मागणाऱ्या खरेदीदारापासून मात्र लांबच राहिलेलं बरं. आणि चालत्या गाडीचा कॅट काढून त्याजागी नुसता पाइप जोडणं बेकायदा आहे.