वहीने सांगितले, नेट का जाते!



भारतात सामान्य लोकांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून यायचे. आमच्या वलगावच्या घरी ते टीव्हीच्या केबलमधून येते. ते सारखे जात असेल तर काय काय पाहावे, ते मी आज सांगणार आहे.

ही २०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट आहे. त्या वर्षीपासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. माझी ताई दहावी पास झाली होती. तिला कॉलेजांची नावे पसंतीप्रमाणे कॉम्प्युटरवर भरायची होती. ती भरायला बसली की नेट जायचे. बाबांच्या मोबाइलचा त्या दिवसाचा डेटा मीच कार्टून पाहून संपवला होता. ताई रडली. मला फार वाईट वाटले.

केबलवाले काका दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा नेट चांगले चालले. काका म्हणाले, "सगळं बरोबर आहे." ते गेले की पुन्हा तेच.

तेव्हा आजोबा म्हणाले, "पोरी, ठिबकच्या नळीले पाणी कमी आलं त आपण काय पाह्यतो? पहिले टाकी, मंग जोड, मंग नळी. हे बी तसंच पाह्य. अन् नेट केव्हा जाते ते वहीत लिहून ठेव."

मग मी आणि ताईने एकेक गोष्ट पाहिली.

१) मोडेमचे दिवे : केबलमधला सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करतो तो डबा म्हणजे मोडेम. तो बंद करून एक मिनिट थांबावे व पुन्हा सुरू करावा. ऑनलाइनचा दिवा स्थिर झाला तर ठीक. तो लुकलुकतच राहिला तर केबलमधून सिग्नल नीट येत नाही असे समजावे. आमचा लुकलुकत होता.

२) वायफाय : कॉम्प्युटर मोडेमला वायरने जोडून पाहावा. वायरने नेट चांगले चालले तर दोष वायफायचा. जाड भिंत आणि लोखंडी कपाट वायफायला अडवतात. म्हणून मोडेम उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. आमचे नेट वायरनेसुद्धा जात होते.

३) शेजारी : शेजारच्यांचेही नेट गेले असेल तर दोष बाहेरच्या केबलमध्ये. वाटेत सिग्नल वाढवणारे यंत्र असते, त्याला वीज लागते. त्या भागातली लाइन गेली की घरी इन्व्हर्टर असूनही नेट जाऊ शकते. संध्याकाळी नेट नुसते हळू चालत असेल तर एकाच केबलवर पुष्कळ घरे असतात म्हणून. आमच्या शेजारी मात्र नेट चालू होते.

४) स्प्लिटर : एका केबलच्या दोन करणारा छोटा जोड. त्यात सिग्नलचे दोन वाटे होतात, आणि प्रत्येकाला अर्ध्याहून थोडा कमीच मिळतो. आम्ही टीव्हीचा स्प्लिटर काढून पाहिला. थोडा फरक पडला, पण नेट जातच होते.

आता वही पाहा. चार दिवसांत नेट सात वेळा गेले होते. त्यातल्या सहा वेळांपुढे मी लिहिले होते, "पाऊस चालू." आणि काका दोन्ही वेळा ऊन असताना आले होते!

काका तिसऱ्यांदा आले तेव्हा ताईने त्यांना वही दाखवली. त्यांनी मोडेमकडे पाहिलेच नाही. सरळ गच्चीवर गेले. तिथे केबलच्या जोडावरची टेप सुटली होती. जोड उघडला तर आत पाणी आणि हिरवा गंज! काकांनी आम्हाला कापलेली केबल दाखवली. मधोमध तांबूस तार, तिच्यावर पांढरे प्लास्टिक, मग चमकता कागद व जाळी, आणि वरून काळे आवरण. जाळीत पाणी शिरले की सिग्नल वाटेतच कमी होतो. वाळले की पुन्हा येतो. म्हणूनच तो दोष काकांना दिसत नव्हता.

काकांनी नवा जोड बसवला आणि वरून टेप गुंडाळली. केबल घरात शिरते तिथे ती थोडी खाली झुकवून मग वर घेतली. त्यामुळे पाणी झुकलेल्या जागीच टपकते, आत येत नाही.

त्या रात्री खूप पाऊस आला. ताई फॉर्म भरत होती आणि मी दिव्याकडे पाहत बसले होते. दिवा एकदाही लुकलुकला नाही. फॉर्म गेला!

मित्रांनो, खांबावर किंवा ओल्या गच्चीवर आपण चढू नये, ते मोठ्यांचे काम. विजा कडाडायच्या आधीच मोठ्यांना सांगून मोडेमचा प्लग आणि केबल काढून ठेवावी. पण वही लिहिणे हे आपले काम आहे. "नेट चालत नाही" एवढेच सांगू नका. केव्हा गेले, तेव्हा पाऊस होता का, लाइन होती का, कोणता दिवा लुकलुकत होता, हे लिहा. मग दोष कुठे आहे ते लवकर सापडते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, वलगाव