संघनायक, व्यवस्थापन आणि प्रेक्षकांचा रोष

१. प्रश्नाचे स्वरूप

संघ हरला म्हणजे प्रेक्षक रागावतात, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याची परीक्षा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. परंतु सर्वमान्य विधानांची परीक्षा करणे हेच समाजशास्त्राच्या अभ्यासकाचे पहिले काम होय. प्रेक्षकांचा रोष खरोखरच पराभवातून निर्माण होतो काय? होत असल्यास तो पराभवास कारणीभूत असणाऱ्या सर्वांवर सारख्या प्रमाणात का पडत नाही? आणि संघाच्या व्यवस्थापनाने घेतलेल्या निर्णयाचा जाब प्रेक्षक व्यवस्थापनास न विचारता मैदानावर उभ्या असलेल्या एका खेळाडूस का विचारतात? या तीन प्रश्नांचा विचार मुंबई इंडियन्स या क्रिकेट संघाच्या २०२४ सालच्या हंगामाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय खानदेशातील अभ्यासकांनी का घ्यावा, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर विषयातच आहे. क्रिकेटच्या कारभारापुरते पाहिल्यास जळगाव आणि धुळे हे जिल्हे मुंबईचे नव्हेत. ते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात मोडतात, आणि त्या संस्थेचे ठाणे पुणे येथे आहे. भुसावळजवळील दीपनगरच्या वसाहतीतून वानखेडे मैदानावर जावयाचे तर सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा रेल्वेप्रवास करावा लागतो. तरीदेखील या भागातील घराघरांतून मुंबईच्या संघाचा उल्लेख ‘आपला संघ’ असाच होतो. ज्या संघाशी सभासदत्वाचा, मतदानाचा किंवा शेजाराचाही संबंध नाही, त्याच्या नायकाची नेमणूक आपणास विचारल्यावाचून झाली म्हणून माणसाने दुखावले जावे, ही घटना अभ्यासास पात्र आहे. किंबहुना ती दुरून पाहिल्यानेच अधिक स्पष्ट दिसते.

२. घटनाक्रम

इंडियन प्रीमियर लीग ही स्पर्धा २००८ साली सुरू झाली. तीतील संघ हे सभासदांचे क्लब नसून मालकांनी विकत घेतलेले संघ आहेत. मुंबईचा संघ रिलायन्स उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. २०१३ च्या हंगामाच्या मध्यावर रिकी पाँटिंग यांच्या जागी रोहित शर्मा नायक झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतीपदे मिळविली. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. २०२१ साली संघ पाचवा आला, २०२२ साली दहा संघांत शेवटचा आला, आणि २०२३ साली बाद फेरीपर्यंत पोहोचून गुजरात टायटन्सकडून पराभूत झाला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यवस्थापनाने हार्दिक पंड्या यांस गुजरात संघाकडून परत आणले. त्यांनी गुजरातचे नेतृत्व करताना २०२२ साली विजेतेपद आणि २०२३ साली उपविजेतेपद मिळविले होते. १५ डिसेंबर २०२३ रोजी एका निवेदनाद्वारे त्यांची नायकपदी नियुक्ती जाहीर झाली. भविष्यकाळासाठी संघ सिद्ध ठेवण्याच्या धोरणास अनुसरून हे केले आहे, एवढेच त्या निवेदनाचे तात्पर्य होते. हंगामापूर्वीच्या पत्रकार परिषदेत रोहित शर्मा यांस दूर करण्याचे कारण विचारले गेले, तेव्हा उत्तर मिळाले नाही.

यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. अहमदाबाद आणि हैदराबाद येथील पहिले दोन सामने हरून संघ १ एप्रिल २०२४ रोजी राजस्थान रॉयल्सविरुद्ध वानखेडेवर उतरला. नाणेफेकीच्या वेळी, म्हणजे एकही चेंडू पडण्यापूर्वी, स्वतःच्याच मैदानावर स्वतःच्याच नायकाची प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. सूत्रसंचालन करणारे संजय मांजरेकर यांस प्रेक्षकांना सभ्यतेची आठवण करून द्यावी लागली. खेळ चालू असता खुद्द रोहित शर्मा यांनी सीमारेषेजवळून खूण करून प्रेक्षकांस आवरण्याचा प्रयत्न केल्याचे वृत्तही प्रसिद्ध झाले. तो सामना राजस्थानने सहा गडी राखून जिंकला. हंगामाअखेर संघ पुन्हा शेवटच्या स्थानी होता.

३. दोन हंगामांची तुलना

सामाजिक शास्त्रांत प्रयोगशाळेतील प्रयोगाइतकी शुद्ध तुलना क्वचितच हाती येते. येथे मात्र तिच्या जवळपास जाणारी तुलना उपलब्ध आहे. २०२२ साली मुंबईच्या संघाने चौदा सामन्यांपैकी चार जिंकले, दहा गमावले आणि आठ गुणांसह दहावे स्थान मिळविले. २०२४ सालीही चौदांपैकी चार विजय, दहा पराभव, आठ गुण आणि दहावे स्थान. आकड्यांच्या दृष्टीने दोन्ही हंगाम तंतोतंत सारखे आहेत. उलट २०२२ चा आरंभ अधिक नामुष्कीचा होता, कारण त्या वर्षी संघ ओळीने पहिले आठ सामने हरला होता. असे असूनही २०२२ साली नायकाविरुद्ध २०२४ सारखा उघड आणि सातत्याचा निषेध झाला नाही.

या तुलनेस एक मर्यादा आहे, ती सांगणे प्राप्त आहे. २०२२ चे साखळी सामने महासाथीच्या छायेत केवळ मुंबई परिसर आणि पुणे येथे झाले आणि प्रेक्षकांच्या संख्येवर निर्बंध होते. भरलेले मैदान आणि अर्धे मैदान यांची वागणूक एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. रोहित शर्मा यांच्या पाच विजेतीपदांची पुण्याईही त्यांच्या पाठीशी होती. तथापि ही सूट देऊनही मुख्य मुद्दा शिल्लक राहतो. १ एप्रिलची हुर्यो ही त्या सामन्याच्या निकालाची प्रतिक्रिया असू शकत नाही, कारण त्या वेळी निकाल लागावयाचाच होता. रोषाचे मूळ निकालात नसून निर्णयात, आणि त्यातही निर्णयाच्या रीतीत होते.

थिबो आणि वॉकर यांनी १९७५ साली न्यायालयीन व्यवहारांच्या अभ्यासातून मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. मनुष्य आपणास काय मिळाले एवढेच पाहत नाही. ते कोणत्या रीतीने ठरले, ठरविताना आपले म्हणणे ऐकले गेले काय, हेही पाहतो. रीत न्याय्य वाटली तर प्रतिकूल निकालही तो सोसतो. दहा वर्षांच्या नायकास एका निवेदनाने बाजूस सारले गेले आणि कारणाबाबत मौन पाळले गेले, ही ती दुखावणारी रीत होय. क्रिकेटच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा होता असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. तीन हंगाम जेतेपदाविना गेल्यावर नवा नायक शोधणे, आणि तोही विजेतेपद मिळविलेला शोधणे, यात तर्कविसंगत काहीच नव्हते.

४. आघात नायकावरच का?

रोष निर्णयाविरुद्ध होता, तर तो निर्णय घेणाऱ्यांवर का पडला नाही? याचे एक उत्तर हर्शमन यांच्या १९७० सालच्या विवेचनात मिळते. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला असता तिच्याशी निगडित माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. जेथे निष्ठा प्रबळ असते तेथे बाहेर पडणे लांबणीवर पडते आणि आवाजास महत्त्व येते. आता दीपनगरच्या प्रेक्षकाची स्थिती पाहा. दुसऱ्या संघास ‘आपला’ म्हणणे त्यास जमत नाही, म्हणजे पहिला मार्ग बंद. संघाच्या कारभारात त्यास मत नाही, म्हणजे दुसऱ्या मार्गासही अधिकृत दार नाही. वानखेडेवर तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाची स्थिती याहून फारशी निराळी नाही. त्यास फक्त घसा अधिक आहे. व्यवस्थापनाची बैठक ज्या दालनात होते तेथे आवाज पोहोचत नाही. मैदानावरील मनुष्यापर्यंत मात्र तो पोहोचतो. म्हणून व्यवस्थापनास उद्देशून लिहिलेले पत्र नायकाच्या पत्त्यावर टाकले जाते.

दुसरे उत्तर बळीच्या बकऱ्याच्या कल्पनेत आहे. अमेरिकेतील बेसबॉलच्या सोळा संघांचा अभ्यास करून ग्रस्की यांनी १९६३ साली असे दाखविले की, ज्या संघांत व्यवस्थापक वारंवार बदलले जातात त्यांची कामगिरीही निकृष्ट असते. त्यावर गॅमसन आणि स्कॉच यांनी १९६४ साली असा पक्ष मांडला की, व्यवस्थापक बदलल्याने खेळात विशेष फरक पडत नसतो. हा बदल म्हणजे क्षुब्ध समुदायाच्या शांतीसाठी केलेला एक विधी असतो. मुंबईच्या बाबतीत या विधीचा क्रम उलटा झाला. नायक बदलण्याचा विधी व्यवस्थापनाने केला, पण समुदायाने ज्याचा बळी मागितलाच नव्हता तोच दिला गेला. परिणामी समुदायाने स्वतःच दुसरा बळी निवडला.

तिसरी गोष्ट भाषेची आहे. सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणत, आणि हरला की ‘ते हरले’ असे म्हणत. मराठी प्रेक्षकही ‘आपण जिंकलो’ म्हणतो. परंतु पराभवात ‘ते’ असे अनेकवचन वापरण्याऐवजी तो बहुधा ‘त्याने घालवली’ असे एकवचनी क्रियापद वापरतो. अकरा जणांचा पराभव एका जणाच्या खाती जमा करणे व्याकरणास सोपे जाते, आणि व्याकरणास सोपे ते मनासही सोपे वाटते.

५. दोन पूर्वोदाहरणे

ही प्रवृत्ती नवी नाही. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर भारताचे नायक झाले. त्या निवडीवरही टीका झाली होती. परंतु त्याच वर्षी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड येथील मालिका जिंकल्या गेल्या आणि निवडीच्या रीतीचा प्रश्न कोणाच्या स्मरणात उरला नाही. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात तिन्ही कसोटी सामने गमावले गेले. लॉर्ड्सवर ढगाळ हवेत ओल्ड आणि अर्नोल्ड यांच्या माऱ्यापुढे भारताचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. त्यात एकनाथ सोलकर यांच्या नाबाद १८ धावा सर्वाधिक होत्या. प्रतिकूल हवामान, फलंदाजीचे अपयश आणि संघातील बेबनाव अशी कारणे अनेक होती. दगड मात्र वाडेकरांच्या घरावर पडले. त्यानंतर पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांस वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या स्वागतास मुंबई लोटली होती, त्यांच्या कारकीर्दीचा हा शेवट होता.

दुसरे उदाहरण अमेरिकी फुटबॉलचे आहे. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू आक्रमणाची सूत्रे हलवितो, आणि क्रिकेटच्या नायकाप्रमाणेच यशापयशाचे बरेचसे ओझे त्याच्या शिरावर पडते. ग्रीन बे पॅकर्स या संघाने २००८ साली ब्रेट फार्व्ह या लोकप्रिय क्वार्टरबॅकला दुसऱ्या संघाकडे धाडून तरुण ॲरन रॉजर्स यास पुढे आणले. काही प्रेक्षकांनी सरावाच्या कार्यक्रमातच रॉजर्सची हुर्यो उडविली. आदल्या हंगामात तेरा सामने जिंकलेला संघ त्या वर्षी सहाच जिंकू शकला. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच रॉजर्सने संघास अजिंक्यपद मिळवून दिले. विशेष हे की, पॅकर्स हा कोणा एका धनिकाचा नसून हजारो सामान्य भागधारकांचा संघ आहे. म्हणजे कागदोपत्री मालकी लोकांची असणे एवढ्याने रोषाची दिशा बदलत नाही. निर्णयाची कारणे लोकांपर्यंत पोहोचली पाहिजेत आणि त्यांचा आवाज निर्णयकर्त्यांपर्यंत पोहोचला पाहिजे.

६. विजयानंतर

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेस सोळा धावा हव्या असता चेंडू हार्दिक पंड्या यांच्या हाती होता. पहिल्याच चेंडूवर मिलर यांचा झेल सूर्यकुमार यादव यांनी सीमारेषेवर टिपला आणि भारत सात धावांनी जिंकला. संघाचे नायक रोहित शर्मा होते, उपनायक पंड्या. ४ जुलै रोजी मुंबईत विजययात्रा निघाली आणि तीन महिन्यांपूर्वी ज्या वानखेडेवर हुर्यो उडाली होती, तेथेच पंड्या यांच्या नावाचा जयघोष झाला. २०२५ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली मुंबईचा संघ बाद फेरीत पोहोचला.

या सुखान्त शेवटाने अभ्यासकाने फसू नये. विजयाने रोष विझला. रोषाच्या कारणाचा निकाल लागला नाही. निर्णय कसा व का झाला हे १५ डिसेंबर २०२३ रोजी जितके अज्ञात होते, तितकेच ते ४ जुलै २०२४ रोजीही होते. १९७१ च्या विजयाने पतौडींच्या निवृत्त नेतृत्वाचा प्रश्न जसा झाकला, तसाच हाही झाकला गेला. यावरून असे सूत्र मांडता येईल : निर्णयाची रीत रोष पेटविते, पराभव त्यास इंधन पुरवितो, आणि विजय त्यावर राख टाकतो.

७. उपसंहार

हे सूत्र क्रीडांगणापुरते नाही. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांस ते विशेष पटावे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात कडक भारनियमन होते. कोणत्या केंद्राने किती वीज निर्माण करावयाची आणि ती राज्यभर कशी वाटावयाची, याची सूत्रे कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्राकडे असतात, आणि भारनियमनाचे धोरण त्याहूनही वरच्या पातळीवर ठरते. परंतु वीज गेल्यावर ग्राहकाच्या समोर असतो तो गावचा वायरमन. बोलणी त्यानेच खावयाची. धुराडी डोळ्यांसमोर असता आपल्या घरी अंधार का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो ज्यास विचारला जातो त्याच्या हाती उत्तर नसते. वायरमन आणि संघनायक यांच्या वेतनात जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी या एका बाबतीत ते सख्खे भाऊ होत.

प्रेक्षकाची निष्ठा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, आणि त्याचा रोषही केवळ असंस्कृतपणा नव्हे. ज्यास दुसरे दार नाही त्याचा तो आवाज आहे. परंतु ज्याने निर्णय घेतला नाही त्यास शिक्षा देणारा आवाज निर्णय घेणाऱ्यास अभय देत असतो, हेही तितकेच खरे आहे. मौन पाळणाऱ्या व्यवस्थापनास याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार? पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील प्रेक्षकसमुदायांचा अभ्यास करताना कोण हरले, एवढे विचारून थांबू नये. निर्णय कोणी घेतला, तो कोणास कळविला, आणि बोलणी कोणी खाल्ली, हे तीन रकाने आपल्या टिपणवहीत स्वतंत्रपणे आखावेत. तिन्ही रकान्यांत एकच नाव क्वचितच येईल, आणि खरा अभ्यास तेथून सुरू होईल.