शिबिराला उपाशी पोटी या, असे का सांगतो



मागच्या शिबिराला आपले दोन तांडेल पहाटे तीनला बोटीवर तळलेला बांगडा-भात जेवून सातला थेट रक्त द्यायला आले. नळीतले रक्त खाली बसल्यावर वरचे पाणी पांढुरके दिसले. ट्रायग्लिसराइड दोघांचेही अडीचशेच्या वर. एका घरात तर त्या दिवसापासून बांगडा बंद!

तेल पाण्यात मिसळत नाही, जेटीवर सांडलेले डिझेल आपण रोज बघतो. रक्त तर बहुतेक पाणीच. मग खाल्लेली चरबी अंगभर जाते कशी? मासळी हलवायला क्रेट लागतो, तसा चरबीचा क्रेट लहान आतडे स्वतः तयार करते. पित्त आणि पाचकरसांनी चरबीचे तुकडे होतात. आतड्याच्या पेशी ते आत घेऊन परत जोडतात आणि 'अपोबी-४८' या प्रथिनाच्या आधाराने त्याचे बारीक गोळे बांधतात. या गोळ्याला कायलोमायक्रॉन म्हणतात. एका गोळ्यात हे प्रथिन एकच असते.

गंमत पुढे आहे. यकृतही हेच प्रथिन बनवते, पण पूर्ण लांबीचे, ४५३६ कड्यांचे. जनुक एकच. आतड्यात मात्र त्याच्या नकलेतले एक अक्षर बदलले जाते आणि तिथे अर्थ होतो 'थांब'. म्हणून साखळी २१५२ कड्यांवर संपते, म्हणजे सुमारे ४८ टक्के. नावातला आकडा त्यावरूनच. १९८७ साली शास्त्रज्ञांनी हे शोधले. आम्हाला तर दोनदा वाचावे लागले.

हे गोळे आधी यकृताकडे जात नाहीत. लसीकावाहिन्यांतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळ रक्तात उतरतात. तेलकट जेवणानंतर तीन-चार तासांनी त्यांची गर्दी असते. निरोगी माणसाचे रक्त बारा तासांत साफ होते.

दोघांना उपाशी ठेवून परत तपासले. एकाचा आकडा दीडशेच्या आत आला, घरात बांगडा परत शिजला. दुसऱ्याचा मात्र उतरलाच नाही. उपाशीपोटी रक्तात असते ती चरबी मुख्यतः यकृताने पाठवलेली, आणि ती दारूने, साखरेच्या आजारानेही वाढते. डॉक्टरांनी त्यांची दारू बंद केली आहे, साखर तपासायला सांगितली आहे. जेवून दिलेल्या रक्तात हा फरक कळला नसता.

पुढचे शिबिर येत्या रविवारी सकाळी सातला, सोसायटीच्या शेडमध्ये. शनिवारी संध्याकाळी सातच्या आत जेवा, नंतर फक्त पाणी. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्या रात्री समुद्रावर असणाऱ्यांनी ऑफिसात नाव द्यावे, त्यांची तारीख वेगळी ठेवू.