संगणक मंद, की आपली आज्ञावली?

शाळेतला संगणक रखडू लागला की 'मेमरी कमी पडते' असे आपण सहज म्हणतो. दर वेळी ते खरे असते का? उत्तरासाठी आपण जरा परीक्षेच्या दिवसांत शिरू.

समजा, कपाटात ४० उत्तरपत्रिका आहेत, प्रत्येकीत ५ प्रश्न. टेबलावर १०च मावतात. नवी आणली की सर्वांत आधी आणलेली परत ठेवायची. एकेक उत्तरपत्रिका पूर्ण तपासली तर खेपा होतात ४०. पण आधी सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, असे केले तर? दुसऱ्या प्रश्नाकडे येईपर्यंत पहिली उत्तरपत्रिका कपाटात परतलेली असते. खेपा होतात २००! काम तेच, टेबलही तेच. बदलला तो केवळ क्रम.

संगणकात प्रक्रियकाजवळची छोटी, वेगवान 'कॅश' म्हणजे हे टेबल आणि मुख्य स्मृती म्हणजे कपाट. एका खेपेत एकच संख्या येत नाही, शेजारच्या संख्यांसह बहुधा ६४ बाइटांचा तुकडा येतो. संख्या ८ बाइटांची असेल तर एका खेपेत ८ संख्या मिळतात. 'सी' भाषेत कोष्टकाच्या ओळी एकीपुढे एक साठवलेल्या असतात. म्हणून मोठ्या कोष्टकाची बेरीज ओळीने केली तर आठ संख्यांमागे एक खेप पुरते. स्तंभाने केली तर जवळजवळ प्रत्येक संख्येला एक लागू शकते. 'फोरट्रान'मध्ये साठवण स्तंभांनुसार, म्हणून तेथे नियम उलटा.

मुख्य स्मृती आणि तिच्यामागचा संथ साठा यांच्यातही हेच घडते. १९६२ साली मँचेस्टर येथे सुरू झालेला 'अ‍ॅटलास' संगणक ड्रमवरची 'पाने' आपोआप स्मृतीत आणत असे. पुढे अनेक आज्ञावल्या एकदम चालवणारी यंत्रे कधी कधी पानांची ने-आण करण्यातच अडकून पडू लागली. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी कारण मांडले: प्रत्येक आज्ञावलीचा, अलीकडे वापरलेल्या पानांचा, एक 'कार्यसंच' असतो. हे सारे संच स्मृतीत मावले नाहीत तर कोंडी होते. अशा वेळी स्मृती वाढवावी किंवा आज्ञावल्या कमी कराव्यात.

पण त्याआधी क्रम तपासावा. प्रश्नवार तपासणीच न्याय्य वाटते ना? मग १० उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घ्या, त्यांचे पाचही प्रश्न ओळीने तपासा, नंतर पुढचा गठ्ठा. खेपा पुन्हा ४०! मोठी कोष्टकेही अशीच तुकडे पाडून हाताळतात. वर्गात वह्या घेऊन हा प्रयोग जरूर करावा. खेपा मुलांनीच मोजाव्यात.